तिसऱ्या उमेदवाराचं उत्तर

त्यांना 'तिसरे सर' हे नाव मीच ठेवलं. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या तत्त्वज्ञान विभागात सगळ्यांना माहीत आहे. मी इथली कारकून, आणि कारकुनाने गोड बोलायला सुरुवात केली की लोक फायली वेळेवर देत नाहीत. पण या एका नावाची मला आता लाज वाटते.

कुठल्याही कॉलेजात जागा भरायची तर मुलाखतीला निदान तीन उमेदवार हवेत, असा नियम. पहिला, ज्याला घ्यायचं आधीच ठरलेलं असतं तो. दुसरा, पहिल्याने ऐनवेळी पाठ फिरवली तर असावा म्हणून. तिसरा नियमाचं पोट भरायला. तत्त्वज्ञानाच्या जागा मुळात निघतात किती? एखादे प्रोफेसर निवृत्त झाले तर एखादी, आणि निम्म्या वेळा तीही रद्द. जाहिरात आली की सर इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून निघायचे. परत आले की मी विचारायची, "काय सर, कितवे?" ते हसून तीन बोटं दाखवायचे. असं सोळा वर्षं चाललं.

आमच्याकडे ते तासावर शिकवत. टर्म संपली की नेमणूक संपली. नव्या टर्मला नवा अर्ज, नवा फोटो. ते सगळे फोटो माझ्या फाइलमध्ये आहेत. एकामागून एक पाहिले तर माणसाचे केस कसे जातात ते नीट कळतं.

त्यांची बायको दुसऱ्या गावात शाळेत शिकवायची, कायम नोकरीत. मुलगी तिच्याजवळ. सर इथे एका खोलीत, स्टोव्ह आणि पुस्तकं घेऊन. "कायम झालो की बिऱ्हाड इकडे आणणार, बाई," असं ते मुलगी पहिलीत असताना म्हणाले होते. ती बारावी झाली तेव्हाही तेच म्हणाले.

त्यांना एक खोड होती. मुलाखतीच्या बाकावर बसलं की शेजारच्या घाबरलेल्या उमेदवाराला ते शिकवायला लागत. "अहो, ती पोरं तुमच्याच पोटावर पाय देणार आहेत," मी ओरडायची. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस कशाला?" ते म्हणत, "बाई, कोणी विचारलं आणि मला येत असलं, तर गप्प कसं बसायचं?" डोकं आपटायला भिंत जवळच होती.

मग आमचे विभागप्रमुख वारले. इस्पितळात जाण्यापूर्वी त्यांनी खोलीतली कुंडी माझ्या खिडकीत आणून ठेवली होती. "बाई, मी येईपर्यंत पाणी घालाल ना?" मी हो म्हटलं. ते आलेच नाहीत. झाड मात्र वाढत राहिलं.

त्यांची जागा निघाली. सरांच्या वयाला अर्ज करता येण्याचं ते शेवटचं वर्ष होतं. आणि नवल म्हणजे, या वेळी वशिला कोणाचाच नव्हता. कोणाचा फोन नाही, चिठ्ठी नाही. समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे, सरळ माणूस. मी सरांना बाजूला घेऊन म्हटलं, "या वेळी खरी मुलाखत आहे. तोंड उघडायचं ते आत. बाहेर नाही." त्यांनी मान डोलावली. बायकोला फोन करून इकडे घर बघायला लाग म्हणाले, हे मला नंतर कळलं.

त्या सकाळी समिती आत चहा पीत होती. पहिला उमेदवार लांब उभा राहून फोनवर बोलत होता. माझ्या खिडकीबाहेरच्या बाकावर सर आणि एक किडकिडीत मुलगी. तिचे कागद हाताच्या घामाने ओले झालेले.

"सर, ते वचनाचं मला कधीच जमत नाही," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला दिलेलं वचन पाळायचं कशाला? त्याला तर कळणारही नाही."

मी आतून डोळे वटारले. सरांनी पाहिलं, आणि माझ्याच कुंडीकडे बोट केलं.

"ते झाड बघा. ज्यांनी बाईंना सांभाळायला दिलं ते गेले. उद्या पाणी घातलं नाही तर त्यांना काय कळणार? पण वचन घेणारा गेला तरी देणारा उरतोच ना? बाई उरल्या आहेत. ज्या बाईंनी शब्द दिला त्याच बाई राहायचं, तर पाणी घालावं लागणार."

नियमाप्रमाणे तिघांनाही एकच प्रश्न विचारायचा होता. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते. अध्यक्षांनी प्रश्न वाचला आणि माझं पेन थांबलं. तोच प्रश्न होता. पहिल्याने पुस्तकी काहीतरी सांगितलं. मुलीने झाड सांगितलं, कुंडीसकट. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. ती दारातून बाहेर पडताच तिचा आनंदी आवाज मी ऐकला, "सर, तुमचंच आलं! झाड सांगितलं मी!"

मग सर आत आले. प्रश्न झाला. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. सर म्हणाले, "मला आता उत्तर देता येणार नाही."

मी बोलायला हवं होतं. कारकुनाने मुलाखतीत बोलायचं नसतं, पण मी कधी नियमाला भीक घालते? त्या दिवशी मात्र घातली. लिहिलं: तिसऱ्या उमेदवारास उत्तर देता आले नाही. अक्षर माझं आहे.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "दुसरं काहीतरी ठोकून द्यायचं होतं!"

"दुसरी उत्तरं पाठ आहेत, बाई. पण ती मला पटत नाहीत. झाड सांगितलं असतं तर तिने चोरलं की मी, ही चौकशी झाली असती." मग म्हणाले, "हे कोणालाही सांगायचं नाही. तिला कळलं तर वर्गात उभं राहता येणार नाही. शब्द द्या."

मी दिला.

मुलगी लागली. चांगली शिकवते, खोटं का बोलू? सर टर्म संपल्यावर बायकोच्या गावी गेले. बिऱ्हाड एकदाचं एकत्र आलं, दोन वर्षं पुरलं. मग ते झोपेतच गेले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पत्नी विभागात राहिलेली पुस्तकं न्यायला आल्या. कपाट रिकामं करता करता म्हणाल्या, "ताई, त्या मुलाखतीत काय झालं हो? ते म्हणायचे, उत्तरच आलं नाही. एकदा रागात मी बोलून गेले. म्हटलं, सोळा वर्षं आम्ही वेगळं राहिलो आणि तुम्हाला एका प्रश्नाचं उत्तर येईना? ते नुसते हसले. म्हणाले, नाही आलं खरं."

मला राहवलं नाही. त्यांचं मन हलकं होईल असं वाटलं, म्हणून सगळं सांगितलं. झाडही दाखवलं.

"म्हणजे त्यांना येत होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी त्यांना तसं बोलले हो, ताई. मरेपर्यंत ते तसंच राहू दिलं त्यांनी." मग त्या रडत राहिल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे धरला.

पुस्तकांचा गठ्ठा रिक्षात ठेवून मी परत आले. पलीकडच्या वर्गात ती मुलगी शिकवत होती. कुंडीतली माती कोरडी पडली होती, म्हणून पाणी घालायला घेतलं.

सरांचं उत्तर बरोबर होतं. शब्द घेणारा गेला, मोडणारी मी इथेच आहे.