उभ्यानं पाहिलेली मुलगी

कळंबच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो त्या वर्षी मी सायकल शिकत होतो. एका उतारावर सायकल पुढं गेली आणि मी मागं दगडावर बसल्यासारखा आदळलो. दवाखान्यात डॉक्टरांनी कण्याच्या तळाशी दाबून पाहिलं आणि म्हणाले, "माकडहाड दुखावलंय."

सोबत आलेल्या आईला ते आवडलं नाही. "आमच्यात कुणाला शेपूट न्हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी समजावलं. कमरेच्या दोन रुंद हाडांच्या मधोमध कणा उतरतो, त्याचं अगदी शेवटचं टोक म्हणजे हे हाड. "तुम्हालाही आहे, आई." त्याला प्लास्टर घालता येत नाही. कठीण जागी बसायचं नाही, महिना-दीड महिन्यात बरं होतं.

चारच दिवसांनी उमरग्याला मुलगी पाहायला जायचं होतं. एसटीत मामा बसले, मी दांडीला धरून उभा. "तिथं दुखण्याचं बोलू नको," मामांनी बजावलं. "पोरगा अधू हाय म्हणतील."

त्यांच्या घरी सतरंजी अंथरली होती. मुलीचे वडील म्हणाले, "बसा की."

"नको, तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांपुढं कसं बसू?"

पाहुणा उभा म्हणून तेही उभे राहिले. मग मामा उठले, मुलीचे काका उठले, शेजारचे दोन म्हातारे भिंतीला धरून उठले. पोहे आम्ही सगळ्यांनी उभ्यानंच खाल्ले.

मुलगी बाहेर आली. सगळ्यांकडं एकदा बघून तिनं मला विचारलं, "कुठं पडलात?"

"सायकलवरून."

"माकडहाड का?"

मी मान हलवली. मामांनी डोळे मिटून घेतले.

"आमच्या आत्याला झालं होतं तसं," म्हणत ती आत गेली. डोक्यावर घागरीखाली घेतात तशी चुंबळ, पण परातीएवढी, जुन्या लुगड्याची वळून तिनं आणली. "हाड मधल्या पोकळीत येऊ द्या. भार मांड्यांवर घ्या."

चार दिवसांत पहिल्यांदा मी नीट बसलो. डोळ्यांत पाणी आलं. तिच्या वडिलांना वाटलं, मुलगी पसंत पडली. त्यात चूक काही नव्हती. दोन्ही म्हातारे हुश्श करून खाली टेकले.

परतताना मामांनी विचारलं, "दिसायला कशी वाटली?"

मला काही आठवेना. "लई हुशार आहे," एवढंच म्हणालो.

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. तोवर हाड बरं झालं होतं.