पुढचं दार

आमची पलटण तेव्हा काश्मीरमध्ये एलओसीवर होती. मी सुभेदार, गाव उचगाव. कंपनीत नवे कॅप्टन आले, अभयसिंह, कोल्हापूर शहरातले. मी शिस्तीत हिंदीतून रिपोर्ट दिला, तर म्हणाले, "सुभेदारसाहेब, मराठीत बोला की. कान किटलं माझं."

सरदार घराण्यातलं पोरगं. पणजोबा, आजोबा, वडील, सगळे फौजेत. जुना वाडा पाडून त्यांनी बंगला बांधला होता, पण घरची रीत सोडली नव्हती. मोहिमेवर निघालेला माणूस मागच्या दाराने जायचा, निरोप न घेता. त्याची आई तेवढा वेळ दाराकडे पाठ करून बसायची. तो परत येईपर्यंत पुढचं दार बंद. ते उघडायचं ते फक्त त्याच्यासाठी.

"म्हणजे सध्या दूधवाला पण मागनंच येतोय?" मी विचारलं.

"व्हय की. मला शिव्या घालत असंल."

बंकरमध्ये साहेबांच्या हातात कायम इतिहासाचं पुस्तक. एकदा म्हणाले, "आमच्यासारखंच एक घराणं बायझंटाईन राज्यात होतं, आताच्या तुर्कस्तानात. हजार वर्षांमागं. आजा सेनापती, बाप सेनापती, पोरंही सेनापती. सगळी हयात पूर्वेच्या सरहद्दीवर गेली."

"त्यातली लढाईत पडलेली माणसं घरी कशी न्यायचे?"

"पुस्तकात न्हाय ते." मग पुस्तक मिटून म्हणाले, "आमच्यातली तरी कुठं आली? पणजोबा परदेशात पडले, तिकडंच राहिले."

मी विषय बदलला. असले प्रश्न सरहद्दीवर विचारू नयेत, एवढी अक्कल मला हवी होती.

त्या सकाळी दाट धुकं होतं. साहेब गस्त घेऊन नाल्यात उतरले होते आणि मी पोस्टवर रेडिओपाशी. खालून फायरिंगचा आवाज आला, पाठोपाठ रेडिओवर साहेबांचा.

"ब्राव्हो, एक जवान घायल. मैं उसे ला रहा हूँ. कव्हर फायर दो. ओव्हर."

"सर, रुकिए, मदद निकल चुकी है. ओव्हर."

"टाइम नहीं है. आउट."

जवानाला त्यांनी ओढत खडकाआड आणलं. तो वाचला. साहेबांच्या मानेत गोळी लागली. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मी त्यांच्या जॅकेटची बटणं लावली. फौजी रडत नाहीत म्हणतात. मी ढसाढसा रडलो.

पार्थिवाबरोबर मीच कोल्हापूरला आलो. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बंगल्याचं पुढचं दार बंद होतं. तिरंग्यातली पेटी आम्ही सहा जणांनी खांद्यावर घेतली आणि तिथेच उभे राहिलो.

साहेबांचे चुलते पुढे आले. "पुढचं दार जित्या माणसाचं हाय. मागनं घ्या."

"मागचा बोळ अरुंद हाय. पेटी एका अंगावर कलती करावी लागंल," कुणीतरी म्हणालं.

मला संताप आला. ज्याने जखमी जवान मागे सोडला नाही, त्याला बोळातून कलता करून न्यायचा? साहेबांचे वडील, रिटायर्ड कर्नल, सावधान उभे होते. त्या घरात आजवर कुणी असा आलाच नव्हता, त्यामुळे रीत काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी माझी जागा दुसऱ्याला दिली आणि मागच्या दाराने आत गेलो. आईसाहेब स्वयंपाकघरात होत्या, दाराकडे पाठ करून बसलेल्या.

"आईसाहेब, साहेबांना कुठनं आणू?"

त्या वळल्या नाहीत. "सुभेदार, पोरगं घरी आलंय न्हवं?"

"व्हय, आईसाहेब."

"मग इचारताय काय?"

त्या उठल्या, पुढच्या खोलीत गेल्या. कडी गंजली होती. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. दार उघडलं आणि त्या बाजूला सरून उभ्या राहिल्या. आम्ही साहेबांना आत आणलं.

ते दार त्यानंतर दिवसा कधी बंद झालं नाही. साहेब गेले त्या तारखेला मी दरवर्षी जातो. फोटोपुढे उभा राहून सॅल्यूट करतो. गेल्या वेळी मी तिथे असतानाच दूधवाला पुढच्या दाराने आत आला, चपला काढल्या, आईसाहेबांच्या हातात दूध दिलं.

साहेब असते तर पोट धरून हसले असते.