सुरेशदादांचं होम फोल्डर

जिनिंगमध्ये दिवसभर राहिलं की कपड्यांना कापूस चिकटतोच, तसे आमच्या काट्याच्या केबिनचे किस्से मला चिकटलेत. झटकले तरी घरी येतात! बायको म्हणते, "तिथलं तिथंच ठेवत जा हो, मले भेव वाटते."

काटा म्हणजे कापसाच्या गाड्या तोलायचा. त्याचा कॉम्प्युटरवरचा, लिनक्समधला प्रोग्राम आमच्या सुरेशदादांनी बसवला. प्रोग्रामला लागणारं तयार सामान, म्हणजे मॉड्यूल, सगळ्यांसाठी सामायिक जागेत टाकता येतं, नाहीतर आपापल्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये. दादा सगळं स्वतःच्या होममध्ये टाकायचे.

"काऊन हो दादा?"

"सामायिक जागेत कोणी बी हात घालते बे! माझ्या घरातून काय जाते?"

*

उन्हाळ्यात दादा गेले. हार्ट अटॅक. त्यांच्या जागी जानेफळची वैशाली आली. तिच्या नावानं प्रोग्राम चालू केला, तर "मॉड्यूल सापडत नाही". दादांच्या नावानं केला, तर चालला! मग रोज सकाळी दादांच्याच नावानं लॉगिन.

जिनिंगचे मालक शेठ म्हणाले, "मेल्यावर बी याची हजेरी लागूनच राह्यली!" आम्ही हसलो. वैशाली काही हसली नाही.

*

तिनं मॉड्यूलं सामायिक जागेत टाकली. पण लॉगिन दादांचंच चालू होतं, आणि प्रोग्राम सामान उचलायचा दादांच्याच होममधून!

"आधी सोताचं घर पाहते, मंग बाहेर. नियमच हाय," ती म्हणाली. असेल बुवा नियम. मला मात्र केबिनमध्ये एकटं बसवेना.

*

ऐन सीझनमध्ये शेठ वैतागले. "मेलेल्याचं खातं उडव. अन् गाड्या खोळंबल्या, तर उद्यापासून येऊ नको!" वैशालीच्या घरी कमावणारी ती एकटीच. तिनं दादांचं खातं होमसकट उडवलं.

स्वतःच्या नावानं चालू केला, तर प्रोग्राम बंद! एक मॉड्यूल सामायिक जागेत टाकायचं राहूनच गेलं होतं. नेट सकाळपासून गेलेलं, डाउनलोड कुठून करणार? बाहेर रोडपर्यंत ट्रॅक्टर, हॉर्नवर हॉर्न.

"दादा, माह्यी नोकरी गेली हो!" वैशाली रडत रडत बोलली आणि उगाच पुन्हा एकदा प्रोग्राम चालवला.

स्क्रीनवर गाडीचं वजन आलं.

"मॉड्यूल कुठून घेतलं ते पाय बरं," मी म्हणालो. तिनं पाहिलं. दादांचं होम! आत्ताच उडवलेलं! उघडलं, तर आत तेवढं एकच मॉड्यूल, आजच्या तारखेचं.

शेठ मागेच उभे होते. कपाळाचा घाम पुसत, एकदम हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तू बी थांब. अन् त्यायले सांग, सीझन होईपर्यंत जाऊ नका म्हणा!"