होज फुटल्यावरही वर राहिलेला बूम

कमेंटमध्ये कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो... भूत, उतारा, अंगात येणं असलं काही आमच्या घरात कधीच नव्हतं. आमचं बौद्ध कुटुंब, वडील शाळेत शिक्षक. लहानपणी कुणी चकव्याची गोष्ट सांगितली की ते एकच विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का?" आता त्यांनी मला तसं विचारलं तर हो म्हणावं लागेल. पण काय पाहिलं ते सांगता येणार नाही.

मी मिलिंद. घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या आसपास माझी बॅकहो लोडर मशीन चालते. आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो, ती. सेकंडहँड घेतलेली, बरीच जुनी. पुढच्या बकेटने मुरूम भरते, जमीन सपाट करते. मागच्या लांब हाताने, म्हणजे बूमने, चारी खोदते, साखळी लावून जड वस्तू उचलते. सगळं करते, पण तिला सांभाळून घ्यावं लागतं. रोज सकाळी पिनांना ग्रीस, ऑइलची लेव्हल, एकेक होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी, हाताने चाचपून बघणं... सिलेंडरचे सील झिजलेले, त्यामुळे इंजिन बंद करून बूम वर ठेवला तर तो हळूहळू खाली बसत जातो. म्हणून कुठेही काम असलं तरी आधी बजावतो — बूमखाली कुणी यायचं नाही.

उन्हाळ्यातली गोष्ट. आसारामभाऊ म्हणून ओळखीचे शेतकरी आहेत. त्यांच्या शेताचा रस्ता नाल्यातून जातो, पावसाळ्यात ट्रॅक्टर निघत नाही. तिथे सिमेंटचे मोठे पाइप टाकून वरून रस्ता करायचा होता. कामावर आम्ही तिघंच — मी, आसारामभाऊ आणि त्यांची बायको, कौसावैनी. सकाळची वेळ, ऊन नुकतं चढत होतं.

नाला उकरला तर खाली पाझर लागला आणि काळ्या मातीचा नुसता चिखल झाला. पहिला पाइप बसला. दुसरा बूमला टांगून मी खड्ड्यावर आणत होतो, तेवढ्यात आसारामभाऊ खाली उतरले. पहिल्या पाइपाच्या तोंडाशी दगड अडकला होता.

"भाऊ, आधी वर या!" मी ओरडलो.

"आलो, आलो. एवढा काढून घेतो न."

दगड निघाला, पण पाय निघेनात. गुडघ्यापर्यंत रुतले होते. मी पाइप बाजूला न्यायला बूम वळवायला घेतला आणि फाट्कन आवाज झाला. बूम उचलणाऱ्या सिलेंडरचा होज फुटला होता. ऑइलची चिळकांडी काचेवर आली, समोरचं दिसेना. मी स्टॉपचा दांडा ओढून इंजिन बंद केलं. विचार करून नाही, हात गेला.

ज्यांना मशीनमधलं कळत नाही त्यांच्यासाठी — बूम वर राहतो तो सिलेंडरमध्ये कोंडलेल्या ऑइलवर. होज फुटला की ऑइल बाहेर आणि बूम खाली, लगेच. होज फुटल्यावर ऑइल अडवून धरणारा व्हॉल्व्ह काही मशीनना असतो, माझ्या मशीनला नाही.

केबिनमधून उडी टाकताना मला काय बघायला मिळणार हे मला माहीत होतं.

बूम वरच होता. पाइप साखळीला जसाच्या तसा, आणि त्याच्या खाली आसारामभाऊ, मान वर करून बघणारे. सगळं शांत. लांब कुठेतरी तित्तिर ओरडत होता, तोसुद्धा ऐकू येत होता.

"वैनी, उतरू नका! बिलकुल उतरू नका!"

त्या उतरल्याही होत्या. नवऱ्याच्या काखेत हात घालून ओढत होत्या. मी काठावर पालथा पडलो आणि भाऊंचा दंड धरला. एक पाय सुटला. दुसरा काही केल्या येईना... मग आला, चप्पल आत ठेवून. दोघांना वर खेचलं, चार पावलं मागे आलो, आणि बूम खाली आला. सावकाश नाही, धाडकन. पाइपाचे तुकडे झाले. आसारामभाऊंच्या पायाचा ठसा होता तिथे मोठा तुकडा उभा रुतला.

मग मी वैनींना म्हणालो, "मी एवढा ओरडत होतो, उतरू नका म्हणून. ऐकू आलं न्हाई का?"

"मशीनच्या आवाजात काय ऐकू येतंय, भाऊ?"

"मशीन बंद होती."

मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. "बंद कुठं होती? चांगली जोर लावून राह्यली होती. आवाज चालू होता म्हणून तर मी उतरले. बंद पडली असती तर उतरायची हिंमत झाली असती का मला?"

मी आसारामभाऊंकडे पाहिलं. ते पायावरचा चिखल निपटत होते. "चालूच होती की," ते म्हणाले. "खालचा गारा थरथरत होता. पोटऱ्यांना लागत होतं मला."

मी जाऊन पाहिलं. स्टॉपचा दांडा ओढलेलाच होता.

अंबडला माझा नेहमीचा मेकॅनिक आहे, रशीदचाचा. त्यांनी सिलेंडर खोलला, कंट्रोल व्हॉल्व्ह खोलला. कुठे काही अडकलेलं नाही, पिना मोकळ्या. मी म्हणालो, करूनच बघू. तोच फाटका होज परत जोडला, बूम चेनपुलीने वर घेतला आणि लांबून चेन सोडली. रिकामा बूम, तरी क्षणभर थांबला नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"ये तो रुकनाच नहीं चाहिए था," चाचा म्हणाले आणि हात पुसत दुसऱ्या गाडीकडे गेले.

नंतर नवे पाइप टाकून ते काम पूर्ण केलं. निघताना वैनींनी मला न विचारता बूमला हळदकुंकू लावलं. आमच्यात हे चालत नाही. तरी मी ते पुसलं नाही. त्यावर आता ग्रीस आणि धूळ बसलीय, तरी नीट पाहिलं तर पिवळं दिसतं. मशीन धुताना मी तेवढी जागा सोडतो. का सोडतो, ते मला विचारू नका... तेही मला सांगता येत नाही.