मनगटावरची रेघ

कडेगावजवळच्या आमच्या उसाला तोड आली, तेव्हा बीडकडची टोळी ओढ्याकाठी खोपी घालून राहिली होती. मी कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्यांचे फोटो काढत होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे शेतावरच्या माणसांशी बोलायला मी लहानपणापासून बिचकते. कॅमेरा डोळ्याला लावला की बोलावं लागत नाही.

टोळीत एक आई आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी होती. गावाकडं पाऊस झाला नाही, म्हणून बारावी झालेली मुलगी पहिल्यांदाच तोडीला आली होती. उसाचं पान कापतं, म्हणून दोघी साडीवर लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट घालायच्या, तोंडाला फडकं बांधायच्या. चार दिवस त्यांनी मला काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी आईच माझ्याकडं आली. मुलीला स्थळ आलं होतं. मुलाचं शिलाईचं दुकान होतं, त्या घरात कोणी कोयता धरत नव्हतं. त्यांना फोटो हवा होता, आणि पोरगी तोडीला आलीय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मुलीनं तोंड धुतलं, शर्ट उतरवला, ठेवणीतली साडी नेसली आणि लिंबाखाली उभी राहिली. मी फोटो काढला. आईनं तो कॅमेऱ्यात बघितला आणि हळूच म्हणाली, "बाई, हात दिसतेत."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. कोपरापासून मनगटापर्यंत हात उजळ होता, त्याखाली एकदम काळा, बारीक चिरांनी भरलेला. शर्टाची बाही संपते तिथं सरळ रेघ पडली होती.

दुसरा फोटो हात पदराखाली घेऊन काढला. तो आईला पटला. पहिला पुसून टाका, म्हणाली. मी हो म्हटलं, बटण दाबल्यासारखं केलं आणि तो तसाच ठेवला. मला जे दाखवायचं होतं ते सगळं त्या एका फोटोत होतं.

आई मोळ्या बांधायला गेली. मुलगी माझ्या बोटांकडं बघत उभीच होती.

"ताई, त्यो अजून हाय त्यात."

प्रदर्शन सांगलीत आहे, तिकडचं कोण बघणार, तुझं नावही येणार नाही, असं मी काहीबाही सांगत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मोळी उचलताना किती बी काढा, तवा तोंड बांधलेलं असतंय. ह्यो नको. ह्यात मी नवरी हाय."

मी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि कुठलं बटण ते दाखवलं. फोटो पुसल्यावर तिनं मागचे-पुढचे फोटो चाळून खात्री करून घेतली. मग शर्ट चढवून ती फडात गेली.

साखर कारखान्याचा हंगाम संपला, टोळी गावी गेली. प्रदर्शनात तिचे मोळी घेतलेले दोन फोटो लागले. चेहरा का नाही, असं सरांनी विचारलं. तोडताना तोंड बांधलेलं असतं, एवढंच मी सांगितलं.

मे महिन्यात तिच्या आईचा फोन आला. बघायला आले तेव्हा मुलगी लांब बाह्यांच्या ब्लाउजात होती, पसंती झाली. लग्नाला या, फोटो तुम्हीच काढा, म्हणाली. विचारू की नको असं करत मी शेवटी हातांचं विचारलं.

"मेंदी काढणार हाय," ती म्हणाली. "बोटापासनं कोपरापतूर."