बशीरचाचांची रिकामी जागा

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि वाचून झाले की हसतो, हे आधीच सांगून टाकतो. नवी पेठेत कापडाचं दुकान चालवलेला माणूस मी... गिऱ्हाइकाच्या शब्दावर जिथं विश्वास ठेवला नाही, तिथं भुताखेतांवर काय ठेवणार! पण एका गोष्टीवर मला हसता येत नाही. म्हणून लिहितोय.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्हा काही जणांना जुन्या मोटारसायकलींचं वेड होतं – महायुद्धात लष्करानं वापरलेल्या, पुढं लिलावात निघालेल्या. आम्ही स्वतःला ‘क्लब’ म्हणायचो, घरच्या बायका ‘भंगारवाले’ म्हणायच्या. दर उन्हाळ्यात एक लांबची फेरी ठरलेली. वळसंगच्या पुढं डांबरी रस्ता सोडायचा आणि कर्नाटकाच्या हद्दीकडं माळावरून निघायचं. वाळवंट बघायला राजस्थानात कशाला जायचं? वैशाखात तो माळ बघावा. झाड नाही, पाणी नाही, नुसता फुफाटा.

धुळीमुळं गाड्या एकमेकांपासून बऱ्याच लांब ठेवाव्या लागायच्या. सगळ्यात पुढं तेलाच्या घाण्याचे मालक सिद्रामप्पा, सगळ्यात मागं बशीरचाचा. चाचा ट्रक ड्रायव्हर, वयानं आमच्याहून मोठे. पाण्याची छागल, पाने, जादा ट्यूब, सगळं त्यांच्या गाडीवर. कोणी पडलं किंवा मागं राहिलं की ते आपला रबरी भोंपू दाबायचे – दोनदा आखूड, एकदा लांब. ज्यानं ऐकला त्यानं आपला हॉर्न तसाच वाजवायचा, मग त्याच्या पुढच्यानं... असा निरोप पार सिद्रामप्पांपर्यंत जायचा आणि सगळे मागं वळायचे.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. छातीत कळ आली आणि संपलं. उन्हाळ्यात फेरी निघाली तेव्हा शेवटी कोण राहणार, असा प्रश्न आला. सिद्रामप्पा म्हणाले, “चाचाची जागा हाय ती. तितं दुसऱ्या कुनी यायचं न्हाय. मोकळीच ठिवू की.”

सगळ्यांना पटलं. भावना चांगली होती, अक्कल मात्र गहाण! कारण नवशिक्याला चाचांच्या नजरेसमोर, त्यांच्या लगेच पुढं ठेवायची आमची पद्धत. त्या वर्षी नवशिका होता माझा धाकटा भाऊ माणिक. त्याच्या मागं आता कोणीच नव्हतं. त्याच्या बायकोला सातवा महिना चालू होता आणि निघताना आईनं मला बजावलं होतं, “त्याला नीट परत आण.”

भर दुपारी माळावर मी माणिकच्या पुढं होतो. इंजिन असं धडधडत होतं, की स्वतःचं ओरडणंही ऐकू आलं नसतं. आणि भोंपू ऐकू आला. दोनदा आखूड, एकदा लांब. अगदी पाठीशी.

मी थांबलो, वळून पाहिलं. धूळ खाली बसली तरी मागं कोणीच नव्हतं... माणिकही नव्हता.

तशीच गाडी वळवली. बरंच मागं, वाटेकडेच्या कोरड्या ओढ्याच्या काठावर एक म्हातारा धनगर दोन्ही हात हलवत होता. खाली माणिक बेशुद्ध पडलेला, पाय गाडीखाली, अंग नुसतं भाजत होतं. गाडी आम्हा दोघांना हलेना. आणि गडबडीत मी हॉर्न वाजवलाच नव्हता. म्हणजे पुढच्यांना कळायला काही मार्ग नव्हता. मी रडायच्या बेतात असताना गाड्यांचा आवाज आला. एकामागून एक सगळे आले!

गाडी उचलली, माणिकला ओल्या कापडात गुंडाळलं आणि अक्कलकोटच्या दवाखान्यात पोचवलं. आणखी थोडा वेळ उन्हात राहिला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर ओट्यावर बसल्यावर मी विचारलं, “तुम्ही वळलात कसे?”

सिद्रामप्पा माझ्याकडं बघतच राहिले. “भोंपू वाजला की! माझ्या पाठीला लागूनच.”

प्रत्येकानं तेच सांगितलं. भोंपू आपल्या मागं, अगदी जवळ वाजला. पहिला माणूस कुठं, मी कुठं! धनगराला मी तिथंच विचारलं होतं, मागून दुसरी गाडी आली का. तो म्हणाला होता, “न्हाय बा. तुमी गेलासा, मग ह्ये पोरगं पडलं, त्येच्या मागं चिटपाखरू न्हाय आलं.”

उन्हानं कान वाजले म्हणावं, तर एकाचे वाजतील. दिवसभर सगळ्यांच्या मनात चाचाच होते, हेही खरं. पण मनातला आवाज एकाच वेळी सगळ्यांना गाडी वळवायला लावतो? मी पुष्कळ डोकं चालवलं. जमत नाही.

माणिक घरी आल्यावर आम्ही पेढे घेऊन चाचींकडं गेलो. त्यांना बरं वाटेल, असं आम्हाला वाटलं होतं. सिद्रामप्पांनी सगळं रंगवून सांगितलं. चाचींनी माणिकच्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाल्या, “बच गया मेरा बच्चा. अल्ला का शुक्र है.” आम्ही उठायच्या बेतात होतो तेव्हा खाली बघत म्हणाल्या, “मैं रोज शाम कू दरवाजे कू कान लगाको बैठती. मेरे कू एक बार भी आवाज नै दिये.”

पेढ्याचा पुडा तसाच राहिला.

भोंपू कोणी वाजवला, हे मला आजही सांगता येत नाही. एखादं कारण सापडलं तर मी आनंदानं हसेन. पण चाचींचं ते बोलणं आठवलं की वाटतं, आम्हाला ऐकू आलं ते राहू दे बाजूला... त्या बाईला का नाही?