थंडीभर झाकलेली गाडी

आमच्या कोल्हापुरात थंडीसाठी कुणी गाडी झाकून ठेवत नाही. इथली थंडी म्हणजे पहाटे अंगात स्वेटर आणि दहा वाजता तोच कमरेला. तरीही गेल्या दिवाळीनंतर मी माझी गाडी चांगली पाच महिने बंद करून ठेवली, कारण लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला जायचं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ही गाडी मी स्वतःसाठी घेतली आणि चालवायला शिकलेही तेव्हाच. ह्यांना गाडी येत नाही, शिकायची हौसही नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळातून आरशाला ओरखडा न पाडता गाडी बाहेर काढणाऱ्या मोजक्या माणसांत मी आहे, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

माझा धाकटा भाऊ मुरगूडला ऊस करतो. त्याला माझं गाडी चालवणं कधी पटलं नाही. आम्ही निघायच्या आधी आला आणि म्हणाला, “अक्का, इकून टाक. पाच म्हैनं हुबी ऱ्हायली की गाडी बसली. आन् तुला कुठं जायचं झालं तर मी हाय की.”

तो आहेच. फोन केला की जीप घेऊन येतो, पण उसाला पाणी पाजून आणि म्हशी धुऊन झाल्यावर. मला कुणाची वाट बघत बसायचं नव्हतं.

उपाय लेकीनं फोनवर सांगितला. तिकडे बर्फाच्या दिवसांत गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात, तेव्हा पेट्रोल खराब होऊ नये म्हणून टाकीत एक औषध घालतात, फ्युएल स्टॅबिलायझर. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकीही काठोकाठ भरलेली हवी. मी सगळं नीट समजून घेतलं आणि स्पेअर पार्टच्या दुकानदाराला बाटली मागवायला लावली.

पुढच्या खेपेला भावानं ती उलटीपालटी करून बघितली. इथेनॉलचं नाव काढलेलं त्याला झोंबलं. “इथेनॉल आमच्या उसाचंच हाय की. उसाला काय रोग आलाय व्हय?”

“रोग येत नाही तर फवारणी कशाला करतोस?” मी म्हणाले.

तो अट घालूनच उठला. परत आल्यावर गाडी सुरू झाली नाही तर तो ती विकणार, मी आडवं यायचं नाही. सुरू झाली तर विकायचा विषय त्यानं पुन्हा काढायचा नाही. मी तावातावानं हो म्हणाले, आणि तो गेल्यावर बाटलीवरच्या सूचना दोनदा वाचल्या.

मापानं औषध टाकीत ओतलं, पंपावर जाऊन टाकी भरली आणि मिसळलेलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचावं म्हणून रंकाळ्याला एक फेरी मारून आले. शेडमध्ये गाडी लावून पाना घेऊन बॅटरीची वायर स्वतः काढली. हँडब्रेक जाम होऊ नये म्हणून तो न ओढता चाकांना दगड लावले, वर कव्हर घातलं. “आता एक दुलई पण दे,” हे म्हणाले.

कॅनडात नातीला मांडीवर घेऊन बसले असले तरी मन मधूनच त्या शेडमध्ये जाऊन यायचं.

गुढीपाडव्याच्या तोंडावर आम्ही परतलो. दोन दिवसांनी भाऊ हजर, जीपमध्ये गाडी ओढायचा दोरखंड. मुरगुडात एक गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं होतं. मी थेट शेडमध्ये जाऊन कव्हर काढलं. चार्ज करून आणलेली बॅटरी जोडली, दगड काढले, किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. भाऊ दोरखंड काढायला वळला. मी पुन्हा किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली, जणू कालच रंकाळ्यावरून आली होती. कुठे अडखळणं नाही, की धूर नाही. माझी छाती फुगली. सल्ला लेकीचा होता, पण हात माझे होते, आणि हा अभिमान मी कुणाला वाटून द्यायला तयार नाही.

भाऊ सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी आला.

“तिकडनं बस,” मी म्हणाले.

तो बसला. बोळातून निघताना त्यानं पायानं नसलेला ब्रेक दाबला, ते मी न बघितल्यासारखं केलं. मोठ्या रस्त्याला लागलो तोच त्याचा फोन वाजला. मुरगूडचं गिऱ्हाईक होतं.

“न्हाय ओ पावणं, गाडी इकायची न्हाय,” तो त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आमची अक्का चालवतीया की.”